पंच कोणी निवडले?

ज्यूरी, म्हणजे खटल्यात कौल देणारे सामान्य नागरिकांतले पंच, म्हटलं की मराठी माणसाला दोन खटले आठवतात, नानावटींचा आणि लोकमान्य टिळकांचा. पहिल्यावरून आपण ठरवून टाकलं की सामान्य माणसाच्या हाती निवाडा दिला तर तो भावनेच्या भरात वाहवत जातो, म्हणून ज्यूरी गेली ते बरंच झालं. दुसऱ्यावरून ज्यूरीबद्दल आपण काहीच ठरवलं नाही. तो सगळा राग इंग्रजांच्या खात्यावर मांडला आणि मोकळे झालो. माझं म्हणणं असं की या दोन्ही खटल्यांत विचारायचा प्रश्न एकच होता आणि मराठवाड्यानं तो आज विचारायला हवा. न्यायदानात सामान्य माणूस बसवायचा तर त्याला तिथं बसवणार कोण?

आधी नानावटी. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नं त्यांना तो अधिकार दिलेला होता. उच्च न्यायालयानं १९६० मध्ये जन्मठेप सुनावली, सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये ती कायम केली. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढची कुणी सांगत नाही. ज्यूरीला कायदा समजावून सांगण्याचं काम न्यायाधीशांचं असतं, आणि या खटल्यात ते सांगण्यातच गंभीर चुका झाल्या, असं उच्च न्यायालयानं नोंदवलं. सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. नऊ माणसांचा कौल चुकला हे खरं, पण त्यांना कायदाच नीट सांगितला गेला नव्हता, हेही तितकंच खरं. बदनाम मात्र एकटा सामान्य माणूस झाला.

ज्यूरी नानावटींमुळे बंद पडली, ही समजूतही चुकीची आहे. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं ती बंद करण्याची शिफारस १९५८ मध्येच केली होती. तेव्हा त्या गोळ्या झाडल्याही गेल्या नव्हत्या. कायद्यातून ज्यूरी पुरती गेली ती १९७३ च्या संहितेनं, १ एप्रिल १९७४ पासून.

आता टिळक. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ पंच होते, सहा युरोपीय आणि तीन हिंदी. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. १९०८ मध्ये सात युरोपीय आणि दोन पारशी होते, कौल लागला सात विरुद्ध दोन. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की अंगावर काटा येतो. ‘केसरी’तले लेख मराठीत, लिहिणारा मराठी, वाचणारे मराठी, आणि त्या लेखांनी वाचकाच्या मनात काय पेरलं हे ठरवणाऱ्यांच्या हातात इंग्रजी भाषांतर. ज्यूरीनं दोषी ठरवलं तरी मी निर्दोषच आहे, असं टिळकांनी तिथं ठणकावून सांगितलं आणि मुंबई उच्च न्यायालयात ते शब्द आज कोरलेले आहेत. आपण ते अभिमानानं वाचतो. पण त्या नऊ खुर्च्यांवर कोण बसणार हे ठरलं, तेव्हाच खटला जवळपास संपला होता, हे आपण कधी बोलत नाही.

याद्या करण्याची रीतच तशी होती. १८९८ च्या संहितेप्रमाणे जिल्ह्यात ज्यूरीची यादी सत्र न्यायाधीश आणि कलेक्टर मिळून करत. त्यांच्या मते जो लायक, तो यादीत. वय २१ ते ६०, आणि फक्त पुरुष. बाईला जागाच नव्हती. शिवाय ज्यूरी देशभर कधीच नव्हती. सरकार अधिसूचना काढेल तेवढ्याच जिल्ह्यांत आणि तेवढ्याच गुन्ह्यांना ती लागू होई. या व्यवस्थेला लोकांनी केलेला न्याय म्हणणं मला जमत नाही. सरकारनं पसंत केलेल्या काही गृहस्थांचं मत विचारलं जात होतं, इतकंच.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता. त्यामुळे ज्यूरीची जी काही आठवण महाराष्ट्राला आहे ती मुंबई-पुण्याची आहे. आमच्याकडे आठवण आहे ती पंचांची, आणि ती फार जुनी आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणत मोठी झालेली माणसं आम्ही. वतनाचे, शिवेचे, भाऊबंदकीचे तंटे गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार-बलुतेदारांच्या सभेपुढे, जात, निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी कागद, होई आणि त्यावर पाटलाच्या नांगरासोबत इतर बलुतेदारांची आपापल्या अवजारांची चिन्हं उमटत. आज ते कागद पाहिले की क्षणभर मन भरून येतं, सगळं गाव त्या कागदावर हजर दिसतं. पण निशाण्या सगळ्यांच्या असल्या तरी वजन वतनदाराचंच होतं. बाई तिथं जवळपास नाहीच. आणि जो गावकुसाबाहेर राहायचा त्याची निशाणी असली तरी त्यानं ‘हा निवाडा मला मान्य नाही’ म्हणायची सोय नव्हती. ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्रासाठी आमच्या पैठणला आली, असं परंपरा सांगते. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, त्यांचा न्याय करायला बसले होते ते वाळीत टाकणाऱ्यांच्याच पंगतीतले.

तीच रीत पुढे जातपंचायतीत राहिली. पंच वंशपरंपरेनं किंवा दांडगाईनं ठरायचे आणि वाळीत टाकायचे. शेवटी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. बांधावरचं भांडण, सामाईक विहिरीचं पाणी, भावाभावातली वाटणी अशी कितीतरी प्रकरणं त्या समित्यांनी चावडीवरच मिटवली, हे मान्य करायलाच हवं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते समित्यांमुळे काही जणांना तरी साधलं. पण समितीत कोण बसणार हे ग्रामसभेत ठरतं आणि ग्रामसभेत कुणाचा आवाज चालतो हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. गावातल्या दोन गटांपैकी ज्याचं पारडं जड, समिती त्याची. तंटा त्याच्याच माणसाशी असेल तर दुबळ्यानं समितीपुढे जायचं कशाला?

या परंपरेचं सगळ्यात केविलवाणं रूप आज आपल्या फौजदारी खटल्यांत रोज दिसतं. ते म्हणजे पंचनाम्याचा पंच. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत असं कायदा सांगतो. जुन्या संहितेत ते कलम १०० होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०३. कल्पना सुंदर आहे. पोलिसांच्या कामावर गावातल्या माणसाची नजर असावी, म्हणजे खोटा मुद्देमाल कुणाच्या गळ्यात बांधला जाणार नाही. आता मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा न्यायालयात जाऊन एखादी दुपार बसा. पुकारा होतो, पंच साक्षीदार पिंजऱ्यात येऊन उभा राहतो. बऱ्याचदा तो ठाण्यासमोरचा चहाच्या टपरीवरचा माणूस असतो किंवा कुणीतरी ऑटोवाला. सरकारी वकील कागद पुढे करतात.

‘ही सही तुमचीच ना?’

‘व्हय, माझीच हाये.’

‘पंचनामा तुमच्यासमोर झाला?’

‘न्हाई साहेब. ठाण्यात बोलावलं, सही कर म्हनले. केली.’

सरकारी वकील त्याला फितूर ठरवायची परवानगी मागतात, उलटतपास होतो, पुढचा साक्षीदार येतो. लाखेची मोहोर केलेलं मुद्देमालाचं पुडकं टेबलावर तसंच पडून राहतं. त्या माणसाला दोष द्यायला माझं मन धजत नाही. रोज ज्यांना चहा द्यायचा त्या पोलिसांना तो नाही कसा म्हणणार, आणि ज्या आरोपीचे भाऊबंद बाहेर मोटारसायकली लावून उभे आहेत त्यांच्यासमोर हो तरी कसा म्हणणार? जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं झालं आहे, त्यानं थोडा फरक पडेल. पण हा पंच पोलिसांनी हाताला धरून आणलेला आहे, तो स्वतंत्र असेलच कसा?

गोतसभा, इंग्रजांची ज्यूरी, जातपंचायत, तंटामुक्ती समिती आणि पंचनाम्याचे पंच, या सगळ्या ठिकाणी सामान्य माणूस होता, निदान नावाला होता. प्रत्येक ठिकाणी त्याला कुणीतरी निवडून आणलं होतं. वतनानं, कलेक्टरनं, जातीच्या पुढाऱ्यानं, गावच्या गटानं, फौजदारानं. निवडणाऱ्याचा हात त्या निवाड्यावर राहिला. ज्याला कुणीच निवडलेलं नाही असा माणूस आपण आजवर न्यायासनाजवळ बसवूनच पाहिलेला नाही.

तो बसवता येतो. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात बारा जण असतात, १८ ते ७५ वयाचे, मतदार यादीतून विनानिवड काढलेले. कायदा काय आहे हे न्यायाधीश सांगतात. घडलं काय, साक्षीदार खरं बोलला की खोटं, आरोपीवरचा गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झाला की नाही, हे बारा जण बंद खोलीत ठरवतात. एकमत होईना तर दहा विरुद्ध दोनचा कौल चालतो. कारणं द्यावी लागत नाहीत आणि आत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायला बंदी असते. या व्यवस्थेचा कणा १६७० मध्ये तयार झाला. रस्त्यावर धर्मोपदेश केल्याच्या खटल्यात विल्यम पेन आणि त्यांच्या सोबत्याला दोषी ठरवायला लंडनच्या पंचांनी नकार दिला, म्हणून त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडलं, दंड केला. त्यातले एडवर्ड बुशेल दंड न भरता तुरुंगात गेले आणि वरच्या न्यायालयात जिंकले. कौल दिला म्हणून पंचाला शिक्षा करता येणार नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं. हिंदुस्थानात ज्यूरी आणताना जिल्ह्यांतल्या न्यायालयांपुरता इंग्रजांनी हा कणाच ढिला करून आणला. कौल न पटला तर न्यायाधीशानं तो वर पाठवावा, असं कलम सोबत दिलं.

मला स्वतःला मात्र जपानची रीत जास्त पटते. तिथं मे २००९ पासून गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक एकत्र बसतात. नागरिक मतदार यादीतून सोडतीनं येतात. नऊही जण मिळून दोष ठरवतात आणि शिक्षाही. बहुमत चालतं, पण दोषी ठरवायचं तर त्या बहुमतात निदान एक न्यायाधीश असावा लागतो. निकालाला कारणं असतात, त्यामुळे अपिलात तो तपासता येतो. फ्रान्समध्येही न्यायाधीश आणि नागरिक शेजारी शेजारी बसतात. नागरिक पीठावर आले म्हणून जपानमधल्या वकिलांना किचकट कायदेशीर भाषा सोपी करावी लागली, आणि माझ्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी, असं १९९८ मध्ये ठरलं. तरी आजही आपल्या जन्मठेपेचा इंग्रजीतला निकाल अनेकदा आरोपीला दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. पीठावर औंढ्याची शिक्षिका आणि लोह्याचा मोटार मेकॅनिक बसलेले असतील, तर खटला मराठीत चालवण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो टाळून हा विषय मांडणं मला बेइमानी वाटेल.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. १९७८ मध्ये घर जाळणाऱ्याचा खटला त्याच तालुक्यातल्या पंचांपुढे चालला असता तर? हा प्रश्न मला दलित मित्रांनी विचारला आहे आणि त्यांचा राग योग्य आहे. अमेरिकेत याचं उत्तर रक्तानं लिहिलेलं आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिल या काळ्या मुलाचा खून झाला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनं तासाभराच्या आसपास चर्चा करून दोघाही आरोपींना सोडलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका नियतकालिकाकडे खुनाची कबुली दिली आणि त्यांना काहीही करता आलं नाही, कारण सुटकेवर अपील नव्हतं आणि त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा भरता येत नव्हता.

पण तिथंही बारकाईनं पाहायला हवं. त्या बारा जणांत एकही काळा का नव्हता? पंच मतदारांतून घ्यायचे आणि काळ्यांना त्या भागात मतदार म्हणून नोंदवूच दिलं जात नव्हतं. बायकांना मिसिसिपीत ज्यूरीवर बसायला तेव्हा बंदी होती. म्हणजे टिळकांच्या बाबतीत झालं तेच. यादी आधीच कुणीतरी चाळून ठेवली होती. आपल्याकडे मतदार यादी सगळ्यांची आहे, १९५० पासूनच्या प्रौढ मताधिकारानं ती तशी झाली आहे, आणि मराठवाड्यात आपल्या हाती असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तरीही मी म्हणेन, ॲट्रॉसिटीचे आणि बालकांवरच्या अत्याचाराचे खटले सुरुवातीला यातून बाहेर ठेवा. त्यांना कायद्यानंच विशेष न्यायालयं दिलेली आहेत. ज्या समाजाच्या न्यायबुद्धीची खात्री पटलेली नाही, त्याच्या हाती सगळ्यात दुबळ्या माणसाचा खटला आधी द्यायचा नसतो. कुणी म्हणेल, मग उरलेल्या खटल्यांत जात नाही का? आहेच. म्हणून तर न्यायाधीश सोबत हवेत, म्हणून निकालाला लेखी कारणं हवीत आणि म्हणूनच सुटकेवर अपिलाचा आपला आजचा हक्क जसाच्या तसा हवा.

मग करायचं काय? सत्र न्यायालयातल्या खून, दरोडा, जीवघेणा हल्ला अशा खटल्यांत न्यायाधीशांसोबत सहा नागरिक बसवावेत. दोषी ठरवायला सातांपैकी पाच मतं लागावीत आणि त्या पाचांत न्यायाधीशांचं मत असावं. नागरिक सोडतीनं यावेत, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि ही सोडत उघड्यावर व्हावी. सोडत आपल्याला परकी नाही. तहसील कार्यालयात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा सभागृह खच्चून भरलेलं असतं. काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकतात, शाळेतल्या एखाद्या लहान मुलीला खुर्चीवर उभं करून तिच्याकडून एकेक उचलतात, तहसीलदार ती उलगडून सगळ्यांना दाखवतात. वर्षभर तयारी केलेल्या माणसाचं राजकारण त्या चिठ्ठीनं एका क्षणात बदलतं. तो हळहळतो, पण चिठ्ठी सहसा मानतो. दहाव्या शतकात तमिळ देशातल्या उत्तरमेरूर गावी सभेचे सभासद असेच ठरत. घागरीतल्या चिठ्ठ्या लहान मुलाच्या हातून काढायच्या, असं तिथल्या शिलालेखात कोरलेलं आहे. ज्याला कुणाशी देणंघेणं नाही अशा हातावर आपला समाज विश्वास ठेवतो. मग एवढा विश्वास न्यायालयाच्या दारात का थांबावा?

दबावाचं काय, असं विचारलं जाईलच. बीडमधल्या अलीकडच्या वातावरणात तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंच पूर्ण जिल्ह्यातून घ्यावेत, म्हणजे गेवराईच्या खटल्याला आष्टीचा, पाटोद्याचा, अंबाजोगाईचा माणूस असेल. प्रकरण फारच गाजलेलं असेल तर शेजारच्या जिल्ह्यातून घ्यावेत. नावं छापू नयेत, खटला सुरू होण्याच्या थोडं आधी सोडत काढावी आणि सुनावणी सलग चालवावी. हे सलग चालवणं पंचांपेक्षाही फिर्यादी आणि आरोपीच्या जास्त फायद्याचं आहे. कनिष्ठ न्यायालयांत देशभरात चार कोटींहून अधिक खटले पडून आहेत, ते काही यानं निकाली निघणार नाहीत. पण तारखांमागे तारखा लावून सहा नागरिकांना वर्षानुवर्षं येरझाऱ्या घालायला लावता येत नाही, त्यामुळे निदान हे खटले तरी एका बैठकीत संपवावे लागतील.

पंचाची काळजीही घ्यावी लागेल. जपानमध्ये खुनाची छायाचित्रं पाहून मनावर आघात झाला म्हणून पंच राहिलेल्या एका महिलेनं २०१३ मध्ये सरकारवर दावा लावला होता. आमच्याकडे त्याआधीचा प्रश्न पोटाचा आहे. रोजंदारी बुडवून कुणी न्याय करायला येणार नाही आणि त्यानं यावं अशी अपेक्षा करणं हा अन्याय आहे. बुडालेल्या मजुरीहून थोडा जास्त भत्ता, एसटीचं भाडं, बायकांना लेकरू सांभाळायची सोय, हे सगळं कायद्यातच लिहिलेलं हवं. आणि ऊसतोडीचा हंगाम ध्यानात घ्यावा लागेल. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्यातली गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. त्या महिन्यांत काढलेल्या सोडतीत नाव निघूनही ती माणसं हजर राहू शकणार नाहीत, आणि पंच म्हणून उरतील ते गावात घर धरून राहणारे, म्हणजे बहुतेक वेळा जमीनवाले. सोडत न्याय्य असूनही यादी पुन्हा चाळली जाईल. म्हणून असे खटले उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या महिन्यांत लावायला हवेत.

यासाठी दिल्लीची वाट पाहत बसायचं कारण नाही. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा, विषय आहे. राज्य विधिमंडळानं दुरुस्ती करावी आणि राज्यघटनेच्या कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घ्यावी. मराठवाड्याच्या वकिलांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला तेव्हा १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ तेव्हाच्या औरंगाबादला आलं. न्याय आमच्या दाराशी आणा, ही मागणी या भागानं एकदा लढून मिळवलेली आहे. आता त्याच वकील संघांनी या दुरुस्तीचा मसुदा करून आठही जिल्ह्यांतल्या आमदारांच्या हाती द्यावा. पहिली पाच वर्षं दोन जिल्हे पुरेत, एक बीड आणि दुसरा नांदेड. प्रत्येक निकालात न्यायाधीशांचं मत आणि सहा नागरिकांचं मत वेगवेगळं नोंदवलं जावं. दोघांत कुठं फरक पडला, कोणत्या गुन्ह्यांत पडला, फिर्यादी आणि आरोपी कोणत्या समाजातले होते आणि अपिलात काय झालं, याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा आणि तो मराठीत असावा.